दीड फियाटचा विमा

माझ्याकडे दीड फियाट आहे. हे सांगितलं की लोक अर्धीबद्दल विचारतात, पूर्णबद्दल कोणी विचारत नाही. एकतीस वर्षं हिशेब खात्यात काढल्यामुळे मला याचं नवल वाटत नाही. ज्या रकान्यात गडबड असते तिकडेच नजर आधी जाते. तर पूर्ण फियाट अठ्ठ्याहत्तर सालची, बदामी रंगाची, चार दारांची, सर्व अवयवांनिशी धडधाकट. फक्त चालत नाही. अर्धी म्हणजे तिला सुटे भाग पुरवण्यासाठी घेतलेला सांगाडा. तिला इंजिन नाही, दारं नाहीत, नंबरही नाही, आणि मागची काच आहे ती पुढच्या सीटवर ठेवलेली आहे. म्हणजे सीटही नाही. असती तर जिथे असती तिथे.

पूर्वी पूर्ण फियाट आमच्या वसईच्या सोसायटीच्या आवारात उभी असे. मग फलकावर एक सूचना लागली: ‘काही सभासदांनी आवारात ठेवलेल्या भंगारसदृश वस्तू त्वरित हलवाव्यात.’ अशी वस्तू ठेवणारा सभासद मी एकटाच होतो. ‘काही सभासद’ हे आदरार्थी बहुवचन आहे असं मानून मी अपमान गिळला आणि सातिवलीला शत्रुघ्नभाऊंचा एक गाळा भाड्याने घेतला. शत्रुघ्नभाऊंच्या घराण्याची खाडीकाठी भातशेती होती. आता त्याच जमिनीत गाळे पिकतात, आणि ‘सायेब, गाल्याला पाऊस लागत नाय,’ असं ते स्वतःच सांगतात.

गेली चार वर्षं मी तिथे रोज सकाळी नऊ ते एक जातो. ऑफिसात होतो तेव्हा इतका वेळेवर गेलो नव्हतो, असं माझी बायको वसुंधरा म्हणते. मी ते कौतुक म्हणून घेतो.

तर या मे महिन्यात आमच्या मागच्या रांगेतलं थर्माकोलचं गोदाम जळलं. माणूस कोणी भाजला नाही, पण शत्रुघ्नभाऊंची झोप उडाली. दीड दिवसाचे गणपती गेले आणि ते रांगेतल्या सहाही गाळ्यांवर फिरले.

“सायेब, सगल्यांना सांगतोय. ईम्याचा कागद आना. दसऱ्याच्या सकाली मी येनार. कागद नाय त गाला खाली.”

“अहो भाऊ, माझ्याकडे जळण्यासारखं आहे काय? लोखंड!”

“आगीला काय म्हाइत?”

घरी येऊन वसुंधराला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. तिने हात न थांबवता सांगितलं, “कागद मिळवता येत असेल तर मिळवा. पण गाळा सुटला तर गाडी इथे येणार नाही. मला या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवाला जायचं असतं. गाळा सुटला की भंगारवाला.”

“कोणती? अर्धी ना?”

“दीड,” ती म्हणाली.

मग मात्र मी ठरवलं. दसऱ्याच्या सकाळी शत्रुघ्नभाऊंच्या हातात कागद ठेवायचा. जगात माणसं जहाजांचे विमे काढतात, पेरूच्या बागांचे काढतात, म्हशींचे काढतात. माझ्या फियाटने काय घोडं मारलंय?

एखादी गोष्ट करायची ठरवली आणि ती बिल्डिंगमध्ये कोणाला सांगितली नाही, असं आमच्याकडे होऊ शकत नाही. मी फक्त लिफ्टची वाट बघताना पुटपुटलो होतो. दोन दिवसांत मला चौदा सल्ले मिळाले. तळमजल्यावरून विचारणा झाली की गाडीला आग लागली तर विम्याचे पैसे येतील, मग नुकसान ते काय? चौथ्या मजल्यावरच्या हेमांगी वहिनींनी गाडी विकून त्याच पैशात पायऱ्या चढण्याची सवय करा असं सुचवलं. त्या दोन गोष्टींचा संबंध मी अजून शोधतोय. गाळ्याशेजारी सॅन्टन आहे. हा मूळचा जवळच्या गिरीज गावचा, ग्रिल आणि गेट बनवतो, आणि केळीच्या वाडीतून येताना रोज काहीतरी पिशवीत घेऊन येतो. त्याने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून सल्ला दिला, “सुधाकर शेठ, माझ्या विम्याची झेरॉक्स घे. वरचं नाव झाकून. भाऊ शिक्का बघतात, नाव कोण बघतंय?”

“सॅन्टन, मी एकतीस वर्षं हिशेब तपासले आहेत.”

“म्हणून तर झाकायला सांगतोय. तुला जमेल.”

शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा प्रितेश पुढे झाला. तो विम्याचाच एजंट. ‘काका, मी आहे ना’ हे वाक्य तो इतक्या वेळा बोलतो की तो नसतो तेव्हाही ते ऐकू येतं. तो मला विमा कंपनीच्या ऑफिसात घेऊन गेला. तिथे खिडकीपाशी मोटार विभागाचं टेबल आणि त्याच्या बरोबर समोर आग विभागाचं. मधे अडीच फुटांची वाट. त्या अडीच फुटांत मी तीन आठवडे काढले.

मोटारवाल्यांनी विचारलं, “गाडी चालते?”

“सध्या नाही.”

“आरसी?”

“आहे. मुदत संपलीय. नवी करायला आरटीओत गाडी न्यावी लागेल. न्यायला विमा लागतो म्हणून तर इथे आलो.”

“विम्याला चालू आरसी लागते.”

“आणि आरसीला विमा.”

“बरोबर,” ते समाधानाने म्हणाले, जणू मी पाढा न चुकता म्हटला. “जी चालत नाही आणि जिचे कागद चालत नाहीत, ती आमच्या दृष्टीने गाडी नाही. ती वस्तू झाली. वस्तू समोर.”

मी वळलो. आगवाल्यांनी विचारलं, “वस्तूला नंबरप्लेट आहे?”

“आहे.”

“मग ती गाडी. गाडी समोर.”

प्रितेश म्हणाला, “काका, मी आहे ना,” आणि फोन घ्यायला बाहेर गेला.

मी असा हार मानणारा नव्हतो. एकेका टेबलाशी मी नऊ नऊ वेळा उभा राहिलो. पाचव्या फेरीला मोटारवाल्यांनी मला त्यांच्या चहात धरलं, सातव्या फेरीला आगवाल्यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, पण गाडी काही कोणी घेईना. गंमत म्हणजे अर्धीचं काम पहिल्याच दिवशी फत्ते झालं. तिला ना इंजिन, ना नंबर. आगवाल्यांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, ही बेस्ट आहे, ही सरळ वस्तू. जिला मी लाथ मारून बाजूला सरकवतो तिला विमा, आणि जिला चार वर्षं घासून कांती आणली ती बेवारस. माझ्या आयुष्यात बढत्यांचंही असंच झालं होतं, म्हणून विशेष वाईट वाटलं नाही.

नवव्या फेरीला आगवाले हळहळले. “काका, एक करा. गाडी म्हणून नका आणू. सुटे भाग म्हणून आणा. इंजिन वेगळं, दारं वेगळी, चाकं वेगळी. नंबरप्लेट कुठे दिसता कामा नये. मग ती वस्तू. तुमच्या हत्यारांबरोबर एकाच पॉलिसीत घेतो. सर्व्हेला मॅडम येतील, त्यांना सगळं जागेवर दिसलं पाहिजे.”

म्हणजे चार वर्षं जोडलेली गाडी वाचवायची तर ती सोडायची. मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. जेवून झोपलो आणि सकाळी सॅन्टनला सांगितलं.

सॅन्टनने हातातलं केळं अर्धं सोलून तसंच ठेवलं. “चार वर्षं तू जोडतोयस, मी बघतोय. आता सोडायची?”

“सोडायची.”

“आणि मग?”

“मग कागद.”

“तुझ्यासारखी माणसं पाहिजेत शेठ,” तो म्हणाला. “आमचे दिवस बरे जातात.”

पण मदतीला आला. दारं उतरली, चाकं उतरली, बॉनेट उतरलं. इंजिन ज्या सतरा नंबरच्या बोल्टांनी बसवलेलं असतं ते मी चहा आणायला गेलो तेवढ्यात सुटलेले होते. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण सतरा नंबरचा पाना माझ्या गाळ्यात नव्हता. तो दोन वर्षांपूर्वी सॅन्टनने नेला होता. त्याचं म्हणणं, त्याने परत दिला. मी विचारलं, “सतराचे बोल्ट कसे सोडलेस?”

“हाताने,” सॅन्टन म्हणाला.

इथे मला आमच्या रांगेची रीत सांगायला हवी. सहा गाळे आहेत, पण हत्यारांना गाळे नाहीत. माझी त्रेसष्ट हत्यारं आहेत. ऐन कामाच्या दिवशी त्यातली वीसेक माझ्याकडे असतात, बाकीची रांगेत हिंडत असतात. आणि माझ्या फळीवर दुसऱ्यांची तीसेक नांदत असतात. कोणी मागत नाही, कोणी सांगत नाही, येतो आणि नेतो. मी एक रजिस्टर ठेवलंय. कोणतं हत्यार, कोणी नेलं, कधी, परतीची तारीख. रांगेतले लोक त्याला ‘सुधाकर शेठची कुंडली’ म्हणतात आणि स्वतःचं हत्यार सापडत नसलं की गुपचूप येऊन वाचतात.

याच रजिस्टरमध्ये माझी अब्रू जायची होती. इंजिन बाहेर काढल्यावर सॅन्टनने कार्बोरेटरही उतरवला, त्याच्या खालच्या नळीत बोट घातलं आणि एक पिवळं फडकं ओढून काढलं. ते येतच राहिलं. चांगलं हातभर होतं.

“शेठ, गाडी चार वर्षं का चालू होत नव्हती ते कळलं. तिने नाक दाबून धरलं होतं.”

मी रजिस्टर उघडलं. गाडी गाळ्यात आणली त्याच महिन्यातली, माझ्याच वळणदार अक्षरातली नोंद होती: ‘कार्बोरेटर सफाई. धूळ जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी फडके कोंबले.’ फडके काढल्याची नोंद पुढे कुठेही नव्हती. खरं तर मला याचा अभिमान वाटायला हवा. नोंद नाही म्हणजे काढलंच नव्हतं, रजिस्टर बिनचूक होतं. पण सॅन्टन ते फडकं हातात घेऊन बाकी चारही गाळ्यांत फिरून आला, त्यामुळे अभिमानाला वाव राहिला नाही.

“चल, परत जोडू,” तो परत येऊन म्हणाला. “आत्ता चालू होते का नाही बघ.”

“नाही. आधी सर्व्हे.”

“अरे, चालू होईल ती!”

“म्हणूनच नाही,” मी म्हणालो. माझा जीव किती तुटला ते मीच जाणतो. पण दसऱ्याला बारा दिवस उरले होते, आणि निश्चय म्हणजे निश्चय.

आता प्रश्न हत्यारांचा. सर्व्हेच्या वेळी त्रेसष्ट हत्यारं जागेवर पाहिजेत. मी परत मागायला निघालो असतो तर एक आलं असतं आणि तेवढ्यात तीन गेली असती. पण वर्षातून एकच दिवस असा असतो की आमच्या रांगेतलं प्रत्येक हत्यार आपापल्या घरी येतं: खंडेनवमी. पूजा ज्याने त्याने आपल्या हत्यारांची करायची. दुसऱ्याचा हातोडा आपल्या पाटावर मांडायचा नाही. आदल्या संध्याकाळी सहा गाळ्यांतून हत्यारांची जी वर्दळ चालते ती पाहून परक्या माणसाला वाटेल, दंगल होणार आहे. मी आगवाल्यांना फोन करून सर्व्हे बरोबर खंडेनवमीच्या सकाळी अकराला ठेवून घेतला. हे सुचल्याबद्दल मी स्वतःवर इतका खूश होतो की त्या दिवशी बिल्डिंगमध्ये कोणाला काही सांगितलंसुद्धा नाही.

अष्टमीला संध्याकाळी हत्यारं आली. मी रजिस्टर घेऊन दारात बसलो आणि एकेका नोंदीपुढे खूण केली. बासष्ट. सॅन्टन माझं ड्रिल, माझ्या दोन पकडी आणि माझी साखळीची पुली देऊन गेला.

“सतरा नंबर?” मी विचारलं.

“दिला ना दोन वर्षांपूर्वी,” तो छताकडे बघून म्हणाला.

नवमीला सकाळी वसुंधरा पूजेला आली. तिने सारवलं नाही एवढंच, बाकी गाळ्याचं घर केलं. लाल कापडावर बासष्ट हत्यारं, प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पुलीला हार. सॅन्टनने वाडीतली केळी आणून नैवेद्याला दिली. मी बाहेर मॅडमची वाट बघत उभा होतो, म्हणून आत काय चाललंय ते बघितलं नाही. ही माझी चूक. दुसरी चूक आधीची: नंबरप्लेट मी गोणपाटाखाली लपवली आहे, हे वसुंधराला सांगितलं नव्हतं.

रचना मॅडम अकराला पाच कमी असताना स्कूटरवरून आल्या. तिशीच्या आतल्या, हातात टॅब्लेट, चेहऱ्यावर सकाळपासून तिसरा गाळा असल्याचा भाव. मी त्यांना मोठ्या रुबाबात आत नेलं.

आत, लाल कापडाच्या मधोमध, सर्वात मोठ्या हाराखाली, माझी नंबरप्लेट उभी होती. चिंचेने घासून लख्ख केलेली. वर कुंकवाचं स्वस्तिक. पुढे निरांजन. नंबर रस्त्यावरून वाचता आला असता.

“गोणपाटाखाली धूळ खात पडली होती,” वसुंधरा कौतुकाची वाट बघत म्हणाली. “म्हटलं, हिच्यावाचून गाडीला ओळख काय?”

रचना मॅडमनी पाटीकडे पाहिलं, मग भिंतीशी ओळीने मांडलेली चार चाकं, चार दारं, इंजिन आणि मधला गाडीचा सांगाडा पाहिला, आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

“काका, कागदावर सुटे भाग लिहिलंय.”

“सुटेच आहेत.”

“ही गाडी आहे.”

“होती,” मी म्हणालो. “आणि पुढे होईल. मधल्या काळात सुटी आहे.”

“मी ही पाटी बघितली नाही असं मला लिहिता येणार नाही, काका.” त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, आणि म्हणूनच जास्त लागलं. मी चार वर्षं, तीन आठवडे आणि नऊ फेऱ्या एका दमात सांगितल्या. उद्याचा कागद, शत्रुघ्नभाऊ, भंगारवाला. शत्रुघ्नभाऊ तोवर प्रसादाला आपल्या तीन चुलत भावांना घेऊन दारात आलेच होते, त्यांनी स्वतःच्या नावावर मान डोलावली.

रचना मॅडम सगळं ऐकून म्हणाल्या, “तुम्हाला कोणी सांगितलं नाही? बंद ठेवलेल्या गाडीचा वेगळा विमा असतो. फक्त आग आणि चोरी. रस्त्यावर काढायची नाही, एवढीच अट. आरसी जुनी असली तरी आमच्याकडे चालते.”

अडीच फुटांच्या त्या वाटेत, चहा पिऊन आणि लग्नपत्रिका घेऊनही, हे मला कोणीही सांगितलं नव्हतं.

“मग काढा!”

“पण त्यासाठी गाडी गाडीसारखी उभी पाहिजे. चाकांवर. इंजिन आत. दारं लावलेली. मला चारही बाजूंनी फोटो लागतात.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “उद्या दसऱ्याची सुट्टी. आज पाचपर्यंत अहवाल गेला तर कागद आज निघेल. मला तुमच्या रांगेत अजून दोन गाळे आहेत, मग सातिवली नाक्यावर दोन. साडेचारला येऊन बघते.”

मी वळून पाना उचलायला वाकलो.

“अहो!” वसुंधरा ओरडली. “पूजा केलीय. आज हत्याराला हात लावायचा नाही.”

मी वाकलेलाच राहिलो. वर्षातून एकच दिवस माझी सगळी हत्यारं माझ्या घरी असतात, आणि नेमका तोच दिवस त्यांना हात लावायचा नसतो. हे मी जन्मापासून जाणत होतो. फक्त दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्या नव्हत्या.

“मग गाडीच्या भागांचं काय? त्यांनाही फुलं वाहिलीत तू.”

वसुंधराने विचार केला. मोटार विभागाने म्हटलं होतं ही गाडी नाही, आग विभागाने म्हटलं होतं ही वस्तू नाही. आता तिसरा विभाग निकाल देत होता आणि तिथे अपील नव्हतं. “आज पूजा हत्यारांची. वाहनाची पूजा उद्या. गाडी हे वाहन आहे. गाडी हलवा खुशाल. हत्यार उचलायचं नाही.”

“हाताने बोल्ट आवळू?”

“सॅन्टन,” वसुंधरा दाराकडे वळून म्हणाली, “तुमची हत्यारं पूजेत नाहीत ना?”

“नाही वहिनी. आमच्या हत्यारांवर फादरनी एक मेला, कामगार दिनीच पवित्र पाणी शिंपडलं. तेव्हापासून ड्युटीवर आहेत.”

अशी सुरुवात झाली. सॅन्टनची पेटी आली. माझी पुली हार घालून समोर झोपलेली, म्हणून शत्रुघ्नभाऊंनी आपल्या चुलत भावांना बाहेर पाठवून एक लांब बांबू मागवला. इंजिनाला दोर बांधला, बांबू चार खांद्यांवर चढला. “होडी वडतो तशी वडायची रं,” भाऊ म्हणाले, “पन हलू, ईमा अजून नाय झाला.” सहा माणसांच्या सूचना, चार माणसांचे खांदे आणि माझे ‘जपून, जपून’, यांच्या जोरावर दोन वाजता इंजिन जागेवर बसलं. आता फक्त त्याला धरून ठेवणारे बोल्ट.

“सतरा नंबर लागेल,” सॅन्टन म्हणाला आणि उगाच आपली पेटी चाळू लागला.

त्याच्या पेटीत सतरा नंबर नव्हता. का नव्हता हे मला आत्ता कळतंय: ज्याला दुसऱ्याचा सतरा नंबर मिळतो तो स्वतःचा कशाला विकत घेईल? बाकी चारही गाळ्यांतले सतरा नंबर त्या त्या पाटांवर, फुलाखाली.

सगळे सॅन्टनकडे बघत होते. चुलत भावांच्या खांद्यांवर बांबू अजून तसाच होता. सॅन्टनने एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं, मग पाय ओढत आपल्या स्कूटरपाशी गेला, डिकी उघडली आणि परत आला. त्याच्या हातात माझा पाना होता. मुठीपाशी माझ्या नावाचं पहिलं अक्षर, मीच कोरलेलं.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. दोन वर्षं मनात मांडलेली पूर्ण वाक्यं तयार होती, त्यातलं एक तर फारच उत्तम होतं. पण तीन वाजायला आले होते.

“हा माझा आहे,” मी एवढंच वसुंधराला म्हणालो. “म्हणजे पूजेतला झाला का?”

“मांडला नव्हता, म्हणजे पूजेतला नाही,” ती म्हणाली. “आणि मे महिन्यात यांच्या डिकीत होता म्हणजे पवित्र पाणीही पडलं असेल त्याच्यावर. आवळा.”

साडेचारला रचना मॅडम आल्या तेव्हा फियाट चार चाकांवर उभी होती. एक दार जरा तिरकं होतं, पण ते मूळचंच. वसुंधराने नंबरप्लेट स्वस्तिकासकट पुढे लावून दिली. मॅडमनी चारही बाजूंनी फोटो घेतले. मग हत्यारांची यादी, हात न लावता, वाकून वाकून. “बासष्ट. यादीत त्रेसष्ट आहेत. सतरा नंबर पाना?”

पाना सॅन्टनच्या हातात होता. तो तेलकट फडक्याने पुसत, ऐकू येत नसल्यासारखा उभा राहिला. ते फडकं पिवळं होतं.

“तो खोडा,” मी म्हणालो. “तो या गाळ्यात नसतो.”

मॅडमनी खोडला, बोटाने पडद्यावर काहीतरी दाबलं आणि म्हणाल्या, “गेला अहवाल. चार बावन्न. आठेक मिनिटांत कागद येईल.”

मी टेकायला जागा शोधत होतो तेवढ्यात सॅन्टनने आपल्या टेम्पोची बॅटरी आणून माझ्या गाडीला लावली. कधी लावली, पेट्रोल कधी ओतलं, मला दिसलंच नाही. मी फक्त आवाज ऐकला. आधी खोकला, मग एक घरघर, आणि मग चार वर्षं जो आवाज मी स्वतःच्या तोंडाने काढून वसुंधराला ऐकवत होतो, तो खराखुरा आवाज. गाळा निळ्या धुराने भरला. चुलत भाऊ टाळ्या वाजवायला लागले. शत्रुघ्नभाऊ ओरडले, “चालू झाली रं!” वसुंधराने पदराने नाक दाबलं होतं, पण डोळे हसत होते.

एकटा मी दोन्ही हात वर करून किंचाळत होतो, “बंद कर! सॅन्टन, बंद कर! बंद गाडीचा विमा आहे!”

रचना मॅडमनी टॅब्लेट छातीशी धरला. “काका, घाबरू नका. जागेवर चालू करून बंद करायला हरकत नाही. बॅटरी, इंजिन बरं राहतं. रस्त्यावर काढली की मात्र पॉलिसी गेली.” आणि जाताना एक केळं घेऊन गेल्या.

दसऱ्याच्या सकाळी शत्रुघ्नभाऊ आपट्याची पानं घेऊन आले. त्यांनी मला सोनं दिलं, मी त्यांना कागद दिला. ते तो उजेडात धरून बराच वेळ वाचत होते.

“कागद बेस हाय. मंग आता भायेर काढा की गाडी.”

“बाहेर काढली तर कागद गेला.”

“नि कागद गेला त गाला गेला.”

“बरोबर.”

“मंजे चालत नव्हती तवा काढता येत नव्हती, नि आता चालते त काढायची नाय.” त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. “सायेब, तुमी शिकलेली मानसं.”

आमचा गाळा तीस फुटांचा आहे. फियाट तेरा फुटांची. अर्धी फियाट, कपाट आणि फळी वजा जाता मोकळी जागा उरते सात फूट. त्या दिवशी वाहनाची पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि ठेवणीतली साडी नेसलेली वसुंधरा पुढच्या सीटवर येऊन बसली. मी पहिला गिअर टाकला. आम्ही सात फूट पुढे गेलो. मग सात फूट मागे आलो.

“जरा हळू चालवा,” ती म्हणाली.

दुसऱ्या फेरीनंतर ती उतरली आणि मी रजिस्टर उघडलं. बारा महिन्यांनी पुन्हा विमा, तोवर आरसीचं बघायचं आहे. दोन्ही टेबलं मला आता नावाने ओळखतात. बाहेर सॅन्टन कोणाच्या तरी गेटवर खडखडाट करत होता. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर ‘पाना, सतरा नंबर’ या नोंदीपुढे परतीच्या रकान्यात मी लाल शाईने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. ते खोडलं आणि निळ्या शाईने लिहिलं: सॅन्टनकडे. परत मागू नये.